गिटहब ॲक्शन्स: छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाने घ्यावी का ही सेवा?

सीआय सेवा, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी सेवा, चांगली की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. प्रकल्पातल्या कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाने पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) पाठवला, तर त्याला उत्तर किती लवकर मिळतं, आणि ते वाचून पुढे काय करायचं हे त्याला कळतं का? बॅज, डॅशबोर्ड, मार्केटप्लेस हे सगळं नंतर. या कसोटीवर गिटहब ॲक्शन्स, म्हणजे कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटची सीआय सेवा, आज मला सगळ्यांत उजवी वाटते. मात्र हातात येते तशीच वापरली तर नाही. काही ठिकाणी मूळ सेटिंग बदलावंच लागतं, आणि ती ठिकाणं कोणती हे मराठीत कुठेतरी नीट लिहिलेलं असावं म्हणून हा लेखप्रपंच.

मी एक पायथन लायब्ररी सांभाळते. ती मराठी मजकुरावर काम करते: शब्द वर्णानुक्रमे लावणं, आकडे अक्षरी लिहिणं, जोडाक्षरं धरून अक्षरं मोजणं. पगारी माणूस एकही नाही. आम्ही दोघं-तिघं नोकरी सांभाळून रात्री आणि सुटीच्या दिवशी बघतो. येणारे बहुतेक पीआर कॉलेजच्या मुलामुलींचे असतात आणि त्यांच्याकडे विंडोजचा लॅपटॉप असतो. एखादी मुलगी बुधवारी सकाळी पीआर टाकते तेव्हा आम्ही ऑफिसात असतो, आमचं उत्तर जाणार रात्री उशिरा. तोवर मशीनने तिला "ही टेस्ट इथे फेल झाली, या ओळीवर" एवढं सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत ती स्वतःच दुरुस्ती करून पुन्हा पुश करते. हा फरक मला फार मोठा वाटतो. पहिल्या पीआरला आठवडाभर काहीच उत्तर न मिळालेला माणूस दुसरा पीआर पाठवत नाही.

आता सेवेकडे. ॲक्शन्स सर्वांसाठी खुली झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. रेपो (प्रकल्पाचा कोड ठेवलेली जागा) सार्वजनिक असेल तर नेहमीचे रनर (टेस्ट चालवणारी गिटहबची मशीन) फुकट, मिनिटांचा हिशोब नाही. लिनक्सचा रनर जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक रेपोंना चार कोअर आणि १६ जीबी रॅमचा मिळतो. विंडोजही मिळतं, आणि ॲपलच्या एम चिपवरचा मॅकही. आमच्यापैकी कुणाकडेच मॅक नाही, पण मॅकवर लायब्ररी चालते का याचं उत्तर प्रत्येक पीआरला मिळतं. फुकट खात्यावर एका वेळी २० जॉब (एकेका मशीनवरची कामं) चालतात, त्यांतले मॅकचे जास्तीत जास्त पाच. आमच्यासारख्यांना ही मर्यादा कधी जाणवतही नाही.

तीन ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळतात याचं मोल देवनागरीवर काम करणाऱ्याला जरा जास्तच कळतं. एक उदाहरण खोलात जाऊन सांगते, कारण मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, कुठल्याही देवनागरी प्रकल्पाला ते जसंच्या तसं लागू आहे.

पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (बाइटवरून अक्षर ओळखायची सारणी) सांगितलं नाही, तर लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८ धरलं जातं. विंडोजच्या रनरवर धरलं जातं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीची जुनी सारणी. आता शब्दांची यादी त्या सारणीने वाचली तर काय होतं? "कमळ" हा शब्द बिनबोभाट वाचला जातो, फक्त हाती येतो कचरा: à सारखी मात्रा डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं. एरर नाही, इशारा नाही. "रस्ता" आला की मात्र प्रोग्राम धाडकन थांबतो. कारण हलन्ताचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, त्यातला शेवटचा बाइट सोळाच्या पायात ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ती जागाच रिकामी आहे. म्हणजे जोडाक्षर आलं की एरर, नाही आलं तर बहुधा गुपचूप चुकीचा मजकूर. बहुधा, कारण "झाड", "एक" आणि "गुण" या साध्या शब्दांवरही एरर येतो; त्यांत जोडाक्षर नाही, पण "झ", "ए" आणि ऱ्हस्व उकार यांचे शेवटचे बाइटही त्या सारणीतल्या रिकाम्या जागांवरच पडतात. टेस्टमधले नमुना शब्द "कमळ", "घर", "बदक" असे सरळ असतील आणि टेस्ट फक्त शब्दांची संख्या मोजत असेल, तर ती विंडोजवरही पास होईल आणि वापरणाऱ्याच्या हाती कचरा जाईल.

म्हणून माझा आग्रह असा की देवनागरी प्रकल्पाच्या मॅट्रिक्समध्ये (कुठे कुठे टेस्ट चालवायच्या त्या यादीत) विंडोज पहिल्या दिवसापासून हवं, आणि टेस्टच्या नमुन्यांत जोडाक्षरं, "झ", "ए", "ऐ", ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू हवेतच. दुरुस्ती सोपी आहे: प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहायचं. ते कुठे राहून गेलंय हे शोधायला पायथन ३.१० पासून एक सोय आहे. "पायथन वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग" या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ दिलं की एन्कोडिंग न सांगता फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीवर इशारा येतो, अगदी लिनक्सवरसुद्धा. तो इशारा एरर मानायला सांगितला की विंडोजचा जॉब संपायची वाट बघावी लागत नाही, लिनक्सचा जॉबच आधी बोंब मारतो. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ मुळातच लागू करायचं ठरलेलं आहे, पण जुन्या आवृत्त्या लोकांच्या मशीनवर अजून बरीच वर्षं राहणार.

मराठी लोकेल (भाषेचे क्रमवारीसारखे नियम देणारं सिस्टिमचं सेटिंग) वापरून क्रमवारी लावत असाल तर आणखी एक. उबुंटूच्या रनरवर मराठी लोकेल तयार नसतो. टेस्ट चालवण्याआधी "लोकेल-जेन" चालवून तो बनवून घ्यावा लागतो, नाहीतर "अनसपोर्टेड लोकेल सेटिंग" असा एरर येतो आणि नवख्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आणि विंडोजवर गिट ओळींचे शेवट बदलून देतं, त्यासाठी गिट-ॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवा. एवढं पुरे.

कॉन्फिगरेशनची फाइल, म्हणजे वर्कफ्लो, याम्ल नावाच्या साध्या मजकुरी स्वरूपात लिहायची असते, रेपोतल्या "डॉट गिटहब" फोल्डरच्या आत "वर्कफ्लोज" मध्ये. सुरुवात करायला अर्धा तास पुरतो: कधी चालवायचं, कुठल्या मशीनवर, कोणत्या पायऱ्या. वाचायलाही ती सोपी आहे, नवखा माणूस ती उघडून आपल्या मशीनवर काय करायचं हे ताडू शकतो. याम्लचे स्वतःचे खाचखळगे मात्र आहेत. पायथनच्या आवृत्त्यांच्या यादीत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर याम्ल त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि रनर पायथन ३.१ शोधायला निघतो. ३.९, ३.११, ३.१२ यांना काही होत नाही, त्यामुळे हा घोळ फक्त शून्यावर संपणाऱ्या आवृत्तीला दिसतो. आवृत्त्या नेहमी अवतरणात लिहाव्यात.

याहून छुपा आणि माझ्या मते जास्त धोक्याचा खड्डा शेलचा, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. टेस्टचं आउटपुट फाइलीतही जावं आणि पडद्यावरही दिसावं म्हणून आपण पाइप करून "टी" कमांड लावतो. पायरीत शेल कोणतं हे लिहिलं नसेल तर लिनक्स आणि मॅकवर बॅश "पाइपफेल" शिवाय चालतं. म्हणजे पाइपमधली शेवटची कमांड यशस्वी झाली की पायरी यशस्वी. "टी" तर कायमच यशस्वी होते. टेस्ट फेल, टिक हिरवी. गंमत नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं वर्तन आहे: त्याच पायरीत "शेल: बॅश" असं नाव घेऊन लिहिलं की पाइपफेल आपोआप चालू होतं. नाव न घेता मिळणारं बॅश आणि नाव घेऊन मिळणारं बॅश वेगळं वागतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. माझ्या मते या सेवेतलं हे सगळ्यांत चुकीचं मूळ सेटिंग आहे, कारण सीआयचं एकच काम आहे, खरं सांगणं. फाइलीच्या वरच्या भागात सगळ्या पायऱ्यांसाठी एकदाच "शेल: बॅश" लिहून टाका. विंडोजलाही मग पॉवरशेलऐवजी बॅश मिळतं आणि त्याच कमांड तिन्हीकडे चालतात.

मॅट्रिक्समध्ये "फेल-फास्ट" मुळात चालू असतं. एक जॉब फेल झाला की बाकीचे रद्द. पैसे देऊन चालवणाऱ्यांना ते ठीक आहे. पण आमच्या त्या मुलीला कळायला हवं की तिचा बदल फक्त विंडोजवर अडतोय की सगळीकडे. त्यामुळे ते बंद ठेवलेलं बरं. उलट "कन्करन्सी" मध्ये जुना रन रद्द करण्याची सोय जरूर चालू करा. पाठोपाठ तीन पुश झाले तर पहिल्या दोन्हींच्या उत्तरात कुणाला रस नसतो.

आता पहिल्या पीआरकडे येते, कारण माझी कसोटी तीच आहे. २०२१ साली क्रिप्टो खणणाऱ्यांनी फुकट रनरांचा गैरवापर मांडल्यावर गिटहबने नियम केला: पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याचा वर्कफ्लो सांभाळणाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय चालणार नाही. कारण रास्त आहे, पण परिणाम थेट नवख्यावर होतो. पाच मिनिटांत मिळणारं उत्तर आमच्या रात्रीच्या फुरसतीवर अवलंबून राहतं. यावर सेटिंग्जमध्ये एक सौम्य पर्याय आहे: जो गिटहबवरच नवा आहे आणि पहिल्यांदाच योगदान देतोय त्यालाच मंजुरी लागेल, बाकीच्यांना नाही. आम्ही तो निवडलाय. फोर्कवरून (योगदान देणाऱ्याने काढलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पीआरला गुप्त किल्ल्या मिळत नाहीत आणि त्याच्या टोकनला फक्त वाचण्याचा हक्क असतो, त्यामुळे साध्या टेस्ट चालवण्यात जोखीम फारशी नाही.

जोखीम येते ती "पुल रिक्वेस्ट टार्गेट" नावाच्या ट्रिगरने. नाव जवळपास तेच, पण हा मूळ रेपोच्या हक्काने चालतो, किल्ल्यांसकट. पीआरवर आपोआप लेबल लावायला तो उपयोगी आहे. पण त्यात पीआरचा कोड चेकआउट करून चालवला, तर अनोळखी माणसाच्या हाती घराची चावी दिल्यासारखं होतं. दस्तऐवजीकरणाचा प्रीव्ह्यू फोर्कवरूनही दिसावा म्हणून अनेक जण हा रस्ता धरतात. धरू नका. प्रीव्ह्यू फाइल आर्टिफॅक्ट म्हणून जोडा, ज्याला बघायचीय तो उतरवून घेईल.

उत्तर मिळालं, पण ते समजतं का? इथे सेवेला मी साडेसहा-सात गुण देईन. लॉग पायरीवार घड्या घातलेला असतो, फेल झालेली पायरी आपोआप उघडते, हे छान. पण टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचा लांबलचक ट्रेसबॅक (एररचा माग) आला की नवखा माणूस वरून वाचायला लागतो आणि मुद्दा तळाशी असतो. दोन सोयी वापराव्यात. एक, ठराविक पद्धतीने ओळ छापली की ॲक्शन्स ती पीआरच्या "फाइल्स चेंज्ड" मध्ये नेमक्या त्या ओळीखाली दाखवते. दुसरी, जॉबचा सारांश: पायरीतून मार्कडाउन एका फाइलीत लिहिलं की ते रनच्या पानावर ठळक दिसतं. आम्ही तिथे मराठीत लिहितो. "क्रमवारीची टेस्ट फेल झाली. अपेक्षित: ज्ञ शेवटी. मिळालं: ज्ञ ज नंतर. ही फाइल बघा." योगदानाच्या भाषेत नवखा अडकू नये, ही आमची निवड. देवनागरी लॉगमध्येही नीट उमटते.

सक्तीच्या चेकबद्दल सावध राहा. फक्त दस्तऐवज बदलले तर टेस्ट चालवू नयेत, म्हणून वर्कफ्लोलाच पाथ फिल्टर लावला आणि तो चेक मर्जसाठी (बदल मुख्य कोडात घेण्यासाठी) सक्तीचा असेल, तर चेक "पेंडिंग" अवस्थेत अडकून राहतो आणि पीआर मर्जच होत नाही. तेच वगळणं जॉबच्या पातळीवर "इफ" ने केलं तर वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो. शुद्धलेखन सुधारणारा पीआर विनाकारण अडकला की पाठवणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही, तेव्हा "इफ" वापरा.

सुरक्षेचा विषय टाळून परीक्षण पुरं होणार नाही. ॲक्शन्सची ताकद म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार पायऱ्या, आणि धोकाही तोच. मार्च २०२५ मध्ये "टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स" ही तेवीस हजारांहून जास्त रेपोंत वापरली जाणारी ॲक्शन घुसखोरांच्या हाती गेली. त्यांनी जुन्या आवृत्त्यांचे टॅगच (आवृत्तीची नावं) उचलून आपल्या कमिटवर (कोडबदलाच्या नोंदीवर) नेऊन ठेवले, आणि त्या ॲक्शनने किल्ल्या लॉगमध्ये छापायला सुरुवात केली. सार्वजनिक रेपोचे लॉग जगाला दिसतात. ज्यांनी टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) लिहिला होता ते बचावले, कारण टॅग हलवता येतो, हॅश हलवता येत नाही. म्हणून बाहेरच्या ॲक्शन हॅशनेच लावाव्यात, बाजूला शेऱ्यात आवृत्ती लिहावी, गिटहबचा डिपेंडाबॉट हा बॉट दोन्ही वाढवून देतो. आणि वर्कफ्लोच्या माथ्यावर परवानगी फक्त वाचण्याची लिहावी. फेब्रुवारी २०२३ नंतर वैयक्तिक खात्यावर काढलेल्या नव्या रेपोंना ती मुळातच मिळते, पण जुन्या रेपोंना आणि जुन्या संस्थांच्या रेपोंना जुनेच सैल हक्क असू शकतात.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. वेगळं काही सांगितलं नाही तर वेळ यूटीसी. आपल्याकडे रविवारी पहाटे दोनला चालवायचं तर शनिवारचे २०:३० लिहावे लागतात. वार बदलतो हे लक्षात ठेवा. तासाच्या ठोक्यावर गर्दी असते, रन उशिरा लागू शकतो, तेव्हा अडनिडं मिनिट निवडा. आणि सार्वजनिक रेपोत ६० दिवस हालचाल झाली नाही तर वेळापत्रकाचा वर्कफ्लो आपोआप बंद पडतो. आमच्यासारख्या परीक्षेच्या मोसमात शांत होणाऱ्या प्रकल्पाने हे विसरू नये.

उरला फुकटपणाचा भरवसा. ओपन सोर्सवाल्यांनी हे एकदा पाहिलेलं आहे. बर्लिनमध्ये सुरू झालेली ट्रॅव्हिस सीआय अनेक वर्षं ओपन सोर्सची हक्काची जागा होती. जानेवारी २०१९ मध्ये ती विकली गेली, नोव्हेंबर २०२० मध्ये मोफत बिल्डांवर क्रेडिटची मर्यादा आली, आणि जून २०२१ मध्ये ओपन सोर्ससाठीची वेगळी साइट बंद झाली. असंख्य प्रकल्पांची याम्ल फाइल एका झटक्यात निरुपयोगी ठरली. गिटहबनेही डिसेंबर २०२५ मध्ये स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या खासगी बिल्डांना मिनिटामागे शुल्क जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर पुढे ढकललं. सार्वजनिक रेपो फुकटच राहिले. त्याआधीच्या महिन्यात झिग या प्रोग्रामिंग भाषेचा प्रकल्प गिटहब सोडून कोडबर्ग या ना-नफा साइटवर गेला, आणि जाताना दिलेल्या कारणांत ॲक्शन्सबद्दलची नाराजीही होती.

म्हणून आमच्या वर्कफ्लोत अक्कल जवळजवळ नाहीच. टेस्ट, लिंट (कोडची शैली तपासणं), पॅकेज बांधणं, सगळं नॉक्स या कामं चालवणाऱ्या साधनाच्या एका पायथन फाइलीत आहे, आणि याम्ल फक्त "मशीन घे, पायथन बसव, नॉक्स चालव" एवढंच म्हणते. याचा रोजचा फायदा वेगळाच: सीआयवर जे चालतं तेच त्या मुलीच्या लॅपटॉपवर एका कमांडने चालतं. याम्लमध्ये पन्नास ओळींची बॅश कोंबली असेल तर तिला ती घरी चालवता येत नाही. "ॲक्ट" नावाचं साधन डॉकरवर वर्कफ्लो चालवून दाखवतं खरं, पण विंडोज-मॅकचे जॉब हुबेहूब उभे करणं त्याच्या आवाक्यात नाही, आणि पहिल्या पीआरसाठी कुणाला डॉकर बसवायला लावणं मला पटत नाही.

तर कुणी घ्यावी? रेपो गिटहबवर असेल, टेस्ट काही मिनिटांत संपत असतील आणि तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर खात्री हवी असेल, तर डोळे झाकून. सी++ चा तासन्‌तास चालणारा बिल्ड असेल तर एका जॉबची सहा तासांची आणि कॅशची (पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइलींची) रेपोमागे फुकटातली १० जीबीची मर्यादा आधी तपासा. सात दिवस कुणी न वापरलेला कॅश आपोआप उडतो. जीपीयू लागत असेल तर फुकटात मिळणार नाही. आणि ज्यांना तत्त्व म्हणून व्यापारी कंपनीच्या जागेत राहायचं नाही, त्यांनी कोडबर्गकडे जावं. तिथली फोर्जेओ ॲक्शन्सची याम्ल बरीचशी अशीच दिसते, लिनक्सपुरत्या टेस्ट तिथे चालून जातात. विंडोज आणि मॅकचे रनर मात्र स्वतःच उभे करावे लागतील, आणि आमच्या लायब्ररीला त्या दोन्हींशिवाय चालण्यासारखं नाही.